दराजवाले काका

काका खणात कधी बघत नसत. तोंड तुमच्याकडे, बोलणं तुमच्याशी, गालात सुपारी आणि उजवा हात पाठीमागे गाडीत. तो हात नेमका हव्या त्या खणाच्या कडीवर पडे, खण सर्रकन बाहेर येई, हवा तो पाना बोटांत येई आणि कोपराच्या एका धक्क्याने खण पुन्हा आत जाई. खटका बसल्याचा आवाज आला की मगच अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं होई. जबलपूरच्या रिछाई भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की त्याला आधी हा खेळ दाखवत. कुणी म्हणे, रुबाब आहे नुसता. कुणी म्हणे, हातचलाखी आहे. हिंदीत खणाला दराज म्हणतात, म्हणून हिंदी बोलणारे सगळे त्यांना दराजवाले दादा म्हणत. वर्कशॉपात मराठी असे आम्ही दोघंच, म्हणून माझे ते दराजवाले काका. भोयर हे आडनाव फक्त हजेरीपटावर होतं.

आमचं काम कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करण्याचं. जबलपूरच्या आजूबाजूला मटार फार पिकतो, आणि ऐन हंगामात कॉम्प्रेसर बंद पडला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मग आमची मेटाडोर निघायची. गाडी मी चालवायचो आणि विजेचं काम बघायचो, कॉम्प्रेसर काकांचा. रस्ताभर ते वर्ध्याकडच्या त्यांच्या गावाबद्दल बोलत. ते गाव त्यांच्या वडिलांनी नोकरीसाठी सोडलं होतं आणि काकांनी स्वतः ते चार-पाचदाच पाहिलं असेल. तरी तिथली वांगी इथल्या वांग्यांहून चांगली, हे त्यांचं ठाम मत होतं. मी कधी वाद घातला नाही. वांग्यांवरून कोण भांडणार?

त्या गाडीत आधी खण नव्हते. औजारं गोणपाटाच्या पोत्यांत असत, आणि पोती गाडीत मागे लोळत असत. एक पाना काढायचा तर गुडघ्यांवर आत शिरायचं, तीन पोती उपसायची आणि पाना हमखास चौथ्यात सापडायचा. एकदा काका असे आत शिरले आणि त्यांची कंबर धरली. ओणव्यानेच बाहेर आले आणि तसेच ओणवे राहून म्हणाले, "आपण काहून जायचं औजारापाशी? औजारानं यावं माणसापाशी." पुढच्याच आठवड्यापासून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत खण बनवायला घेतले. लोखंडी सांगाडा, पत्र्याचे खण आणि बेअरिंगवर सरकणाऱ्या पट्ट्या. प्रत्येक खणाला आपला खटका, म्हणजे चढावर गाडी असली तरी खण आपोआप बाहेर पडू नये. दार उघडून नुसतं मागे उभं राहायचं, सगळी औजारं पुढ्यात चालत येत.

खण झाले, मग त्यांच्यात गाद्या आल्या. जाड रबर कापून काकांनी प्रत्येक औजाराच्या आकाराचा खळगा केला. पान्याच्या खळग्यात पक्कड बसत नसे आणि पक्कडीच्या खळग्यात पाना. "ज्याची गादी त्याला," असं ते म्हणत. मी घाईत एखादी छिन्नी भलतीकडे ठेवली की काका ती उचलत, माझ्या हातात देत आणि काही न बोलता उभे राहत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रबरामुळे गाडीचा खडखडाटही बंद झाला, आणि त्याबद्दल काकूंची तक्रार होती. पूर्वी घराजवळ, कांचघरच्या वळणावर औजारं वाजली की त्या चहाचं आधण ठेवत; आता काका भुतासारखे दारात उभे राहतात, असं त्या म्हणायच्या.

या खणांमागे खरं काय चाललं आहे ते मला एका टॉर्चमुळे कळलं. शहराबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजवर आम्ही होतो. मशीनघराला खिडकी नव्हती आणि वीज गेली. मी काकांना विचारलं, टॉर्च कुठे? ते अंधारात एका लाकडी खोक्यावर बसून कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह खोलत होते, हात थांबला नव्हता. सर्वांत खालच्या खणात असेल, म्हणाले. मी चाचपडत गाडीशी गेलो. टॉर्च होती, पण आतले सेल फुटून पाणी झालेले, स्प्रिंग गंजून गेलेली. त्या टॉर्चला कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता. आमचा निम्मा जन्म अंधाऱ्या मशीनघरांत गेला, आणि टॉर्च कुणालाच लागली नव्हती. माझ्यासाठी खिशात काडेपेटी असायची. काकांसाठी काय होतं? मी तशीच ती जागेवर ठेवली आणि परत येऊन त्यांच्याकडे बघत बसलो. वीज आली तेव्हा त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

काकूंना विचारलं तर त्यांनी पदराने डोळे पुसून सगळं सांगून टाकलं. काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेली ती नजर येत नाही, उरलेली सांभाळा. उरलेली म्हणजे काय, तर एका डोळ्याच्या कोपऱ्यात थोडा उजेड. काकांनी हे वर्कशॉपमध्ये कुणाला कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीत मी विषय काढला. म्हटलं, काका, घरी आराम करा आता. त्यांनी तोंड समोरच्या काचेकडे वळवलं.

"घरी मला दिसत नाही, वसंता," ते म्हणाले. "खुर्ची इकडची तिकडे होते, पोरं दप्तर टाकून देतात, तांब्या जागेवर राहत नाही. या गाडीत मला सगळं दिसून राहिलं. गाडी सुटली की झालो मी आंधळा."

त्या दिवसापासून मी गेज वाचून आकडा सांगायचो, ते कान यंत्राला लावून निर्णय सांगायचे. गॅसच्या जोडणीवर शेवटची नजर माझी असे. पायरी आली की मी खोकायचो. लोकांना वाटे, याला दमा झाला. पुढे कैक जणांनी मला ऐकवलं की तू मालकाला सांगायला हवं होतंस. मला तसं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या हातांनी खोललेलं एकही यंत्र चुकीचं जोडलं गेलं नव्हतं.

वर्षातून एकदाच खण रिकामे होत. वर्कशॉपमध्ये विश्वकर्मा पूजा व्हायची, तिला काका हात जोडून प्रसाद खाऊन यायचे; पण औजारांची पूजा त्यांच्या लेखी खंडेनवमीलाच. त्या दिवशी ते वर्कशॉपच्या मागच्या खोलीत पांढरं कापड अंथरून सगळी औजारं मांडत, पुसत, तेलाचा हात फिरवत, हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहत. मग रात्रभर औजारांना विश्रांती. दसऱ्याला सकाळी ते एकटे खण भरत. मी शेजारी बसलेलो असे, पण हात लावायची परवानगी मलाही नव्हती. आपली वर्षभराची नजर ते पुन्हा बसवून घेत होते, हे मला टॉर्चनंतर समजलं.

आमच्या मालकांना सगळे भैयाजी म्हणत. माणूस देवासारखा होता, आणि सगळी चूक तिथेच झाली. वाईट माणसाने काकांचं काही बिघडवलं नसतं. त्या वर्षी भैयाजींच्या मनात आलं की दादांनी या खटाऱ्यात आयुष्य काढलं, आता त्यांना दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी गाडी द्यायची. गुपचूप इंदूरहून तयार सरकते खण बसवलेली गाडी मागवली. खंडेनवमीला मी सासुरवाडीला बालाघाटला गेलो होतो. पूजा करून काका घरी गेले, आणि वर्कशॉपच्या पोरांनी संध्याकाळी कौतुकाने ती औजारं उचलून नव्या गाडीत लावली. चांगली लावली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. मेटाडोर त्याच संध्याकाळी एका भंगारवाल्याकडे गेली.

दसऱ्याला मी पोचलो तेव्हा नारळ फुटला होता. गाडीला झेंडूचं तोरण आणि काकांच्या गळ्यात हार. काकांचा चेहरा पाहून मला कळलं की नव्या गाडीचं त्यांना नुकतंच सांगितलंय. मी गर्दीतून पुढे जाईपर्यंत भैयाजी हसत म्हणाले, "दादा, मुहूर्त आपके हाथ से. बाईस का पाना दीजिए, वही अपने वाले अंदाज में, बिना देखे."

काका नेहमीसारखे गाडीकडे पाठ करून उभे राहिले. हात मागे गेला. जिथे कडी असायची तिथे गुळगुळीत पत्रा होता. बोटं सरकत सरकत एका मुठीवर आली, ती दाबायची असते हे उमगायला वेळ लागला, मग खण उघडला. हातात पक्कड आली. लोक हसले, त्यांना वाटलं, दादा गंमत करताहेत. टाळ्याही पडल्या. काकांनी पक्कड ठेवली आणि दुसरा खण ओढला. त्यातून हातोडी आली. हसू थोडं कमी झालं. तिसऱ्या खणात हात नुसताच फिरत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाद्या नव्हत्या. मग कुणीच हसेना. मी जवळ जाऊन बावीस नंबरचा पाना काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. माझा हात त्यांनी ओळखला आणि पाना परत माझ्या हातात दिला.

"राहू दे, वसंता. पाहू दे त्यांना."

मग ते भैयाजींकडे वळले. भैयाजी तोवर दोन पावलं बाजूला सरकले होते, त्यामुळे काका रिकाम्या जागेशी बोलले. "गाड़ी बहुत अच्छी है, भैयाजी. बस, मुझे दिखती नहीं."

भैयाजी लहान मुलासारखे रडले. वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसा, पोरांना शिकवा, असं परोपरीने म्हणाले. काकांनी हात जोडले. मी त्याच दुपारी भंगारवाल्याकडे धावलो. सांगाडा सकाळीच तोडून झाला होता, आणि रबराच्या गाद्या कुणीतरी चुलीत घालायला नेल्या होत्या. सणासुदीला कधी नव्हे ते लोक काम करतात. त्या दिवशी मी सोनं वाटायला कुणाकडे गेलो नाही.

त्यानंतर काका कांचघरच्या घरात, दाराजवळच्या खाटेवर. काकूंनी घरादाराला ताकीद दिली होती की यांची वस्तू कुणी हलवायची नाही. पण नांदतं घर हलल्याशिवाय कसं राहील? भिंतीला धरून काका मोरीपर्यंत जात, वाटेत कुणाची तरी चप्पल आडवी येई. मी गेलो की गावच्या वांग्यांचाही विषय ते काढत नसत. मला ते बघवत नव्हतं. एका रविवारी मी नवी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभी केली. म्हटलं, काका, तुम्ही सांगा, मी जुन्यासारखं सगळं लावतो. नवं रबर आणलंय. उद्यापासून चला माझ्याबरोबर, भैयाजींचं मी बघतो.

ते हात धरून आले आणि गाडीच्या मागच्या कडेवर बसले. एक खण ओढला, सोडला, पुन्हा ओढला. पट्ट्या लोण्यासारख्या आहेत, म्हणाले. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला होता आणि मला वाटलं, जमलं. मी रबर पुढे केलं.

"माझ्या हाताच्या मापानं लावून काय करशील? मी कुठं येऊन राहिलो आता," ते म्हणाले. "चलो, डोळे मीट तू. पाना माग आणि हात टाक. जिथं पडेल तिथं त्याची गादी."

मी डोळे मिटले. मी औजाराचं नाव घ्यायचो आणि हात टाकायचो, हात जिथे पडेल तिथे काका तो धरून ठेवायचे आणि खडूने खूण करायचे. खुणा वाकड्या पडत होत्या. गल्लीतली पोरं जमून हसत होती, की दोन म्हातारे आंधळी कोशिंबीर खेळताहेत. मला मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांना दिसणार नाही, एवढाच आधार होता. सगळी औजारं झाली. शेवटी त्यांनी स्वतःहून खालचा खण ओढला, कापसाच्या चिंध्यांखाली हात घातला आणि टॉर्च बाहेर काढली. जुनीच होती, मी साफ करून नवे सेल घातले होते आणि सवयीने खालीच ठेवली होती. त्यांनी बटण दाबून पाहिलं, काचेवर तळवा धरला. ऊब लागली असावी.

"ही खाली काहून?" ते म्हणाले. "तुला लागते ना अजून." आणि त्यांनी टॉर्च सर्वांत वरच्या खणात, अगदी पुढे ठेवली. खण कोपराने ढकलला. खटका बसेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "जा आता. मटार येईल."

मटार आला, आणि त्याच थंडीत काका गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मला निरोप मिळाला तेव्हा मी दूरच्या एका कोल्ड स्टोरेजवर होतो. नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावर पोचलो तोवर चिता पेटली होती. काकूंनी एवढंच सांगितलं की शेवटचे दोन दिवस ते झोपेत हात मागे टाकून काहीतरी ओढत होते.

आता मीही खणात बघत नाही. नवी पोरं म्हणतात, वसंतदादांचा काय रुबाब आहे. गेल्या हंगामात त्याच बिनखिडकीच्या मशीनघरात वीज गेली. माझा हात आपोआप मागे गेला, वरचा खण आला, टॉर्च हातात आली आणि लागली. कॉम्प्रेसर उजळला, आणि त्याच्यासमोर काका ज्याच्यावर बसत तो लाकडी खोकाही. मी टॉर्च विझवली आणि वीज येईपर्यंत अंधारातच बसून राहिलो.