हळदीतच नवरी सासरी

कर्जत स्टेशनपासून पाच मिनिटांवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मी वर्षभर व्यावसायिक संगीतनिर्मिती शिकलो. बोर्डावर सगळ्यात मोठा शब्द ‘व्यावसायिक’ होता, संगीत जागा उरली तिथे बसवलं होतं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना काळ्या फोमचे चौकोन चिकटवले होते. बाहेरच्या आवाजाला हे कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे खालच्या झेरॉक्सवाल्याचं “दोन्ही बाजूंनी काढू का?” आमच्या बॅचच्या तीन गाण्यांत स्वच्छ ऐकू येतं. एका विरहगीतात तर ते इतकं बरोबर जागेवर पडलंय की सरांनी ते राहू दिलं.

मला तिथे घातलं कारण मला नकला येतात. कशेळ्याच्या बाजारात फिरणारा कांदे-बटाट्याचा टेंपो, पाणीपट्टी भरा म्हणून गावोगाव दम देणारी ग्रामपंचायतीची रिक्षा, आणि तालुक्यातल्या निम्म्या डीजेंच्या गाण्यांत मधेच येऊन “वाजवा भावांनो” म्हणणारा तो घोगरा माणूस, हे तिघेही मीच. घरच्यांना वाटलं, एवढ्या आवाजांतून एखादा तरी पगारी निघेल.

सर आठवड्यातून तीनदा मुंबईहून यायचे आणि आम्हाला “गाईज” म्हणायचे. आम्ही चारच होतो, आणि त्यातला एक एसीखाली झोपायलाच यायचा. सरांचा पहिला नियम असा, की ऐकणाऱ्याचा अंगठा मोबाइलवर वर सरकायच्या आत गाण्यातला सगळ्यात भारी तुकडा आला पाहिजे. “प्रस्तावना मारून टाका, गाईज. कोणाला वेळ नाहीये.” हे ते पाऊण तास समजावून सांगायचे.

वर्षाच्या शेवटी एक गाणं बनवायचं, इंटरनेटवर सगळीकडे टाकायचं, महिनाभर त्याचा प्रचार करायचा आणि त्या प्रचाराची फाइल जमा करायची, तरच सर्टिफिकेट. गाणं कसं झालंय याला थोडेच मार्क होते. ते कुठवर पोचलं याला बाकीचे सगळे.

आता माझी आत्या. आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. ती मांडवात बसून धवले म्हणते आणि लग्न त्या गाण्यांवर पुढे सरकतं. आधी देवांना आवतण, मग हळद, मग बाकीचं सगळं, आणि अगदी शेवटी नवरीची पाठवणी. कुठेही लिहिलेलं नाही, सगळं तिच्या डोक्यात. नवऱ्यामुलाचा बाप असो की आमदार, ती म्हणेपर्यंत कोणी हळदीच्या वाटीला बोट लावत नाही.

मला वाटलं, घरातच खजिना आहे आणि मी गाव हुडकतोय. माइक घेऊन आत्याकडे गेलो. ती कशेळ्याच्या अलीकडे राहते. ओटीवर बसून वाल सोलत होती.

“आत्या, एक धवला म्हन ना. रेकॉर्ड करायचाय.”

“कुनाचं लगीन हाय?”

“कुनाचं नाय. माजा प्रोजेक्ट हाय.”

“परोजेकला हलद लावलीस काय रं?”

“तसं नाय गं. नुसत्या चार ओळी.”

“बाला, मी धवला धरला की देव येतात. आले नि इचारलं, मांडव कुटं हाय, नवरी कुटं हाय, तर काय सांगू? परोजेक हाय, बसा?” तिने वालाची टरफलं माझ्या माइकच्या बॅगेवर झाडली. “तुज्या सरांना येऊ दे देवांशी बोलायला. मंग म्हनते.”

सर देवांशी बोलायला तयार झाले असते, पण पाऊण तास लागला असता.

मग मी व्यावसायिक निर्णय घेतला. आत्या म्हणत नाही तर मी म्हणतो. लहानपणापासून तिचा आवाज काढून आईला फसवत आलोय. क्लासच्या काचेच्या खोलीत उभा राहिलो, नाकाचा शेंडा थोडा दाबला, छातीतून तो चिरका ताण काढला, आणि आत्या हजर. देवांचं आवतण अर्थातच मारून टाकलं. ते पाव तास चालतं, तेवढ्यात ऐकणाऱ्याचा अंगठा अमेरिकेला जाऊन आला असता. सगळ्यात भारी तुकडा कुठला? ज्याला मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात तो, पाठवणीचा. त्याच्या मला चारच ओळी पाठ होत्या. त्या सुरुवातीलाच लावल्या, खाली ढोल घातला, वर तो घोगरा माणूस घातला. अख्ख्या गाण्यात त्याच चार ओळी फिरत होत्या. झालं गाणं.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. “हा बाईंचा आवाज कोणाचा?”

इथे खरं बोलायला एक सेकंद होता. मी तो अंगठ्याने वर सरकवला.

“माझी आत्या, सर. खरी धवलारीण.”

“बस! हेच विकतं आता. अस्सल. फोटो आहे का त्यांचा?”

होता. चुलतभावाच्या लग्नातला, हिरवं नऊवारी, नाकात नथ, कोणावर तरी खेकसत असलेली आत्या. तो गाण्याच्या कव्हरवर लावला. गायिकेच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता, म्हणजे चूक फॉर्मचीच म्हणायची.

प्रचाराला सरांनी वीस पानांचा आराखडा दिला होता. त्यात श्रोत्याचं वय, आवडी, तो सकाळी काय खातो असे रकाने होते. मी तो आराखडा बॅगेत ठेवला आणि तीन ठिकाणी गेलो. एक, मोबाइलचं दुकान, जिथे आमच्याकडची माणसं अजून पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून घेतात. दोन, कशेळ्याच्या स्टॅंडवरचे जीपवाले. तीन, डीजे, ज्यांच्यावर माझ्या घोगऱ्या माणसाचे उपकार होते. दहा दिवसांत गाणं चौक गावापासून कशेळ्यापर्यंत प्रत्येक हळदीत वाजायला लागलं. ठाकुरवाडीला गाडीसुद्धा थांबू की नको असा विचार करत थांबते, तिथल्या एका माणसाने ते स्टेटसला ठेवलं. मी त्याचा फोटो फाइलीत लावला. फाइल जाड होत होती आणि माझी मान ताठ.

तिसऱ्या आठवड्यात आत्याकडे गेलो तर ती भर दुपारी पिशवी उपसत बसली होती. धुतलेली दोन लुगडी, चष्मा, तपकिरीची डबी, सगळं बाहेर काढून परत फळीवर ठेवत होती.

“कुटं निगालीस?”

“निगाले नाय, राहिले. मोहोपाड्याच्या लग्नाला जायचं होतं परवा. त्यांचा फोन आला, मावशी, तुमची तब्येत बरी नाय म्हनं, आराम करा. माज्या तब्येतीचं मलाच नाय सांगितलं कोनी.” तिने लुगड्याची घडी दोनदा मोडून दोनदा घातली. “त्या घरातल्या पोरीच्या आईचं लगीन मी लावलं, आत्याचं लावलं. आता पनवेलकडची कोन बाय बोलावलीय.”

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. आत्या चिडते तेव्हा कोंबड्यासुद्धा अंगण सोडतात. ती नुसती घड्या घालत होती.

घरी येऊन आईला विचारलं. आई भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, “बाजारात बाया काय बोलतात ठावं हाय का? तुजी आत्या म्हनं भरमली. देवांना बोलावत नाय, हलद लावत नाय, हलदीतच नवरी सासरी धाडते. मोबाइलमदे गातेय, सगल्यांनी आयकलंय. अशा बाईला मांडवात कोन बसवील?” भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळली. “ती मोबाइलमदे कदी गेली रं?”

आता सांगतो काय झालं होतं. तरण्या पोरांना त्या गाण्यात ढोल ऐकू येत होता. म्हाताऱ्यांना शब्द ऐकू येत होते. हळदीला नवरी पाटावर बसलेली, अंगाला अजून हळदसुद्धा नाही, आणि स्पीकरमधून माझी आत्या तिला आईबापाचा निरोप घ्यायला लावतेय. देवांना न विचारता. आमच्यात हा अपशकुन. मांडवात ज्या बाईच्या शब्दाशिवाय पान हलायचं नाही, ती बाई आता क्रम विसरली, असं चारी गावांनी ठरवून टाकलं होतं. मी गाण्याचा प्रचार करायला निघालो होतो, प्रचार झाला आत्याच्या भ्रमिष्टपणाचा. आणि तो कुठवर पोचला याचे पुरावे मीच फाइलीत लावत होतो, नीट, तारीखवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइक काढून मोहोपाड्याला गेलो. कंपनीच्या कॉलनीला लागून घर, दारात मांडवाचे बांबू आलेले, आणि पडवीत आठ-दहा बायका तांदूळ निवडत बसलेल्या. नवरीच्या आईला म्हटलं, “काकी, ते मोबाइलमधलं गानं आत्याचं नाय. मी म्हटलंय.”

“तू? ते बाईमानसाचं गानं हाय.”

“माजाच आवाज हाय तो.”

“आत्यासाठी खोटं बोलतोस, चांगला पोर हायेस. चा घे.”

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि चहावर बोळवण झाली. म्हटलं, “थांबा.” तिथेच सुपांच्या मधे उभा राहिलो, नाक दाबलं आणि आत्याचा आवाज काढून त्या चार ओळी म्हटल्या.

एक सूप खाली पडलं. मग अशा हसल्या म्हणता! एकीने पदर तोंडात कोंबला, एक म्हणाली, “अगं बाय, याला मिशी हाय!” नवरी खोलीतून धावत आली, तिला परत एकदा ऐकायचं होतं. मला अजून कुठल्याही कार्यक्रमात एवढी दाद मिळालेली नाही, आणि मी ती घेत बसलो असतो, पण कोपऱ्यातली म्हातारी हसत नव्हती. ती नवरीच्या बापाची आई.

“मंग पुडचं म्हन,” ती म्हणाली.

“पुडचं?”

“सासरच्या उंबऱ्याचं. ते म्हन.”

“ते येत नाय.”

“आदीचं म्हन. देवांचं.”

“ते... मारून टाकलं.”

“काय?”

“म्हंजे घेतलं नाय. लांब होतं, आजी.”

म्हातारीने हातातला खडा वेगळा करून अंगणात फेकला. “याला चारच वळी येतात,” ती सगळ्यांना म्हणाली. “याच्या आत्याला मी चार दिस न थांबता म्हनताना आयकलंय. जिला पुडचं येत नाय ती धवलारीन नव्हं. हा याचाच उद्योग हाय.” मग सुनेकडे बघून, “बोलवा मावशीला. पनवेलवाल्या बाईला मी सांगते.”

माझी लायकी अशी भर पडवीत सिद्ध झाली आणि त्यावर आत्या सुटली. वर्षभर शिकलो त्याचा उपयोग झाला नाही, जे शिकलो नव्हतो त्याचा झाला.

आत्याला आणायला मलाच पाठवलं. मांडवाच्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन बाइकवर मागे बसली आणि मी कर्जत सोडल्यावर सगळं सांगितलं. तोंड दिसत नसलं की सांगायला सोपं जातं. चौकपर्यंत मागून आवाज आला नाही. दोनदा वाटलं, पडली की काय. चौकच्या फाट्याला म्हणाली, “गाडी थांबव. म्हनून दाखव.”

हायवेच्या कडेला, भरून चाललेल्या कंटेनरांच्या समोर, मी तिच्यापुढे तिचाच आवाज काढला. तिने डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं.

“मी अशी नाकात म्हनते?”

“थोडीशी.”

“दुसऱ्या वळीत शबूद चुकलाय.” मग एकदम माझा कान धरला, हेल्मेटसकट. “माजं तोंड लावलंस, माजं नाव लावलंस, नि शबूद चुकीचा? काढ ते.”

“आत्या, काढलं तर माजं सर्टिफिकेट जाईल.”

“माजा मांडव गेला होता.”

फाट्यावरच उभा राहून मी गाणं काढून टाकलं. तसे ॲपवाले काढताना तीनदा विचारतात, नक्की काढायचं का, पुन्हा विचार करा. एवढं जर गायिकेच्या रकान्यापाशी विचारलं असतं तर! सरांचा लगेच फोन, “अरे, आकडे बघ, वेडा आहेस का?” मी म्हटलं, सर, बाईंचा आवाज माझाच होता. ते म्हणाले, हे आधी सांगायचंस, हे तर अजून जास्त विकलं असतं. फाइल मात्र घेतली नाही. पेन ड्राइव्हमधून गाणं परत कसं बोलवायचं ते वीस पानांत कुठेच नव्हतं. पुढचे दोन महिने मी प्रत्येक डीजेच्या घरी स्वतः जाऊन ते पुसत होतो. काही अजून सापडतायत.

मोहोपाड्याच्या मांडवात आत्या पाटावर बसली. मी सवयीने मोबाइल काढला. तिने नुसतं बघितलं, मी परत खिशात घातला. मग तिने देवांना आवतण द्यायला सुरुवात केली. गावदेवीपासून धरलं, डोंगरावरचे, खाडीवरचे, ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती असे, एकेकाला थांबून, मान देऊन. पाव तास कुठला, अर्धा तास झाला. कोणी हललं नाही. तिच्या मागून ओळ उचलायला दोन बायका होत्या, एकीचा घसा बसला होता. आत्याने न थांबता बोटाने मला त्या बाईच्या जागी बसवलं.

मी आत्याच्या आवाजात ओळ उचलली. तिने माझ्या मांडीवर सणसणीत चापट मारली.

मग माझ्या आवाजात उचलली. शेजारची बाई कानाशी वाकून म्हणाली, “बाला, तुजा आवाज लयच बेकार हाय रं.” आणि सरकून जागा करून दिली, कारण अजून निम्मे देव यायचे होते.