पंच्याहत्तर टक्के स्कॉलरशिप आणि तेरा लाखांचं लोन

"अक्का, स्कॉलरशिप मिळालेली पोरगी हाय, हिची फाईल आधी करून टाका," असं म्हणत सुधाकर अण्णानं अकरा फायलींचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि मी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसला. ज्या पोरीची फाईल होती ती आणि तिचे वडील मागं उभेच.

मी बिदरच्या एका बँकेत लोन ऑफिसर आहे. बारावीचे निकाल लागले की माझ्या टेबलावर एज्युकेशन लोनची गर्दी होते. सुधाकर अण्णाचं बसस्टँडजवळ 'करिअर गायडन्स'चं ऑफिस आहे. औराद, हुलसूर, भालकीकडची पोरं गोळा करायची आणि हैदराबाद-बेंगळुरूच्या खासगी कॉलेजांत नेऊन बसवायची, हा त्याचा धंदा. प्रत्येक पोरामागं कॉलेज त्याला कमिशन देतं. पोरांच्या घरी तो हे सांगत नाही. तिथं तो आपला माणूस असतो.

मी फाईल उघडली. मुलगी प्रज्ञा, गाव चिंताकी. वडील गौतम, बिदरलगतच्या कोळारमधल्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. सोबत कॉलेजचं रंगीत पत्र, पंच्याहत्तर टक्के स्कॉलरशिपचं. आणि मागितलेलं लोन तेरा लाख ऐंशी हजार.

"पाऊण फी माफ आहे तर एवढं लोन कशाला?"

"सेफ्टीसाठी अक्का. लागलं तरच उचलायचं."

एज्युकेशन लोनचे पैसे पोराच्या हातात येत नाहीत. ते दरवर्षी थेट कॉलेजच्या खात्यात जातात. कॉलेजनं डिमांड पाठवली की बँक भरते. त्यामुळं लागणार की नाही हे कोण ठरवणार, ते मला आणि अण्णाला दोघांनाही नीट माहीत होतं. मी त्याला आधारच्या झेरॉक्स आणायला बाहेर पाठवलं आणि बापलेकीला खुर्च्या दिल्या.

हिशोब अवघड नव्हता. कोर्स चार वर्षांचा, कॉलेजची फी वर्षाला दोन लाख चाळीस हजार. स्कॉलरशिप वजा जाता राहिले साठ हजार. गावात हाच आकडा सांगितला गेला होता. होस्टेल आणि मेस सक्तीची, एक लाख दहा हजार. डेव्हलपमेंट फी, युनिफॉर्म, अमुकतमुक चाळीस हजार. त्यांच्यावर स्कॉलरशिप नाही. म्हणजे पहिल्याच वर्षी दोन लाख दहा हजार. स्कॉलरशिप फक्त पहिल्या वर्षाची. पुढं ती टिकवायची तर एकही विषय न अडकता दहापैकी साडेआठच्या वर ग्रेड पाहिजे. नाही टिकली तर वर्षाला तीन लाख नव्वद हजार. अण्णानं लोन मागताना पुढची तिन्ही वर्षं याच पूर्ण दरानं धरली होती. पोरगी अजून कॉलेजात गेली नव्हती आणि तिची स्कॉलरशिप जाणार हे यानं आधीच मांडून ठेवलं होतं.

तारण म्हणून गौतमरावांचा प्लॉट लावला होता. कोळारजवळ, घर बांधायला घेतलेला.

"दादा, कोर्स चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं," मी म्हणाले. "तुम्ही सहकर्जदार आहात. पोरीला नोकरी लागली नाही तर बँक तुमच्याकडं येणार. प्लॉटवर येणार. मीच येणार."

मी प्रज्ञाला विचारलं, "दुसरीकडं कुठं नंबर लागला नाही का?"

"लागलाय की. कलबुर्गीला, सीईटीतनं, सरकारी कोट्यात. पण पप्पा म्हणायलेत, अण्णाचंच करायचं."

सरकारी कोट्यातली सीट. फी जवळपास सगळी सरकार भरणार. समाजकल्याणच्या होस्टेलला अर्ज करता येत होता. खर्च राहिला तो पुस्तकांचा आणि येण्याजाण्याचा. मी पेन खाली ठेवलं.

"मग हे कामून करायलाव?" माझी हुलसूरची बोली रागात आपोआप बाहेर येते.

"मॅडम, तसं न्हाई," गौतमराव म्हणाले. "अण्णानं गावात येऊन विहारात सत्कार केला हिचा. समद्यांसमोर शाल घातली, गावाला जेवण दिलं. आता कोन्या तोंडानं न्हाई म्हणावं? लोक म्हणतील, शाल घेतली अन् फिरला."

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं चार लोकांसमोर घेतलेला मान म्हणजे दिलेला शब्द. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या पोरीचं नाव माईकवरून घेतलं, हे बापाच्या काळजाला किती लागतं ते मी माझ्या घरात पाहिलंय. अण्णालाही ते माहीत होतं. एका शालीत आणि एका जेवणात त्यानं या माणसाचा प्लॉट अडकवून ठेवला होता.

"कलबुर्गीला रिपोर्टिंग कधी आहे?"

"परवापर्यंत," प्रज्ञा म्हणाली. "पण ओरिजिनल अण्णाकडं हायत. मार्क्स कार्ड, जातीचा दाखला, तीनशे एकाहत्तर जेचा दाखला, समदं."

हा शेवटचा दाखला आमच्या भागातल्या पोरांना प्रवेशात राखीव जागा मिळवून देतो. तोही त्याच्याकडं. "पावती घेतली?"

"आपल्या माणसाला पावती कशी मागायची, मॅडम?" गौतमराव म्हणाले.

अण्णा झेरॉक्स घेऊन आला. मी ओरिजिनल मागितले.

"ते कॉलेजला गेलेत अक्का. अन् आता कॅन्सल केलं तर एक वर्षाची फी भरावी लागतीया. कॉलेजचा रूल हाय." हे तो माझ्याकडं नाही, गौतमरावांकडं बघत म्हणाला. त्यांनी मान खाली घातली.

त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी अकराच्या अकरा फायलींवर लाल पेनानं शेरा मारला: 'मूळ कागदपत्रं दाखवली नाहीत.' बँकेत प्रत्येक झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून तिच्यावर शिक्का मारावा लागतो. एरवी गडबडीत हे मागं-पुढं चालतं. त्या दिवशी चालू दिलं नाही.

अण्णा सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. पाच मिनिटांत मला बोलावणं.

"मॅडम, एज्युकेशन लोनचं टार्गेट अर्धंसुद्धा झालेलं नाही," मॅनेजर म्हणाले. "हा माणूस अकरा फायली घेऊन येतो आणि तुम्ही परत करता? पोरांनी कुठं शिकावं हे सांगायला बँक पगार देत नाही. तुमचं काम कागद बघणं."

"कागदच बघतेय सर. दिसत नाहीत. ओरिजिनल न बघताच शिक्का मारा असं तुम्ही लिहून द्या, मी लगेच पुढं पाठवते."

त्यांनी लिहून दिलं नाही. कुणीच देत नाही.

कॉलेजला गेलेले कागद दुपारी तीनच्या आत एका पिशवीतून आले. बसस्टँडहून बँक चालत दहा मिनिटं. मी सगळ्या पालकांना फोन करून बोलावलं होतं. एकेक कागद ताडला, शिक्का मारला आणि सही घेऊन ज्याचा त्याच्या हातात दिला. अण्णाच्या हातात एकही दिला नाही.

गौतमरावांनी फाईल हातात घेतली. अण्णानं सवयीनं हात पुढं केला. "आणा दादा, सांभाळून ठेवतो." आणि त्यांचा हात खरंच पुढं गेला. प्रज्ञानं मधेच फाईल काढून घेतली आणि सॅकमध्ये घातली.

"अण्णा, शाल पाहिजे असंल तर घरी येऊन न्या," ती म्हणाली. "कागद माझे हायत."

बाप पोरीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चल. कलबुर्गीची गाडी बघू."

ती वेळेत पोचली. आता तिथंच शिकते. गावात अण्णाच्या माणसांनी गौतमरावांशी बोलणं सोडलंय. ते म्हणतात, चालतंय.

बाकीच्या दहांतली दोन पोरं आपापले कागद घेऊन घरी गेली. आठ पालकांनी बँकेच्या दारातच, माझ्या डोळ्यांदेखत, कागद परत अण्णाच्या पिशवीत टाकले. त्यांतल्या एकानं हेड ऑफिसला माझी तक्रारही केली, की मॅडम गरिबांच्या पोरांचं शिक्षण अडवते. त्या आठ फायली पूर्ण होत्या. ओरिजिनल ताडलेले होते, शिक्के माझेच होते. नाही म्हणायला माझ्याकडं कारण उरलं नव्हतं. आठही मी सँक्शन केल्या आणि मॅनेजरांनी माझं अभिनंदन केलं.

एज्युकेशन लोनच्या करारावर पोराची सही असते, बापाची असते, बँकेतर्फे माझी असते. पोराला नोकरी लागली नाही तर पोरगं बुडतं, बाप बुडतो, बँकेचंही बुडतं. पैसे ज्याच्या खात्यात जातात, त्या कॉलेजची सही त्या करारावर कुठंच नसते.