मातीचा तास

"तुमच्या हातची माती माझ्या मुलीला देऊ नका."

वर्गाच्या दारात उभी राहून ती बाई बोलली. मराठीत. बाकीच्यांना कळू नये, मला मात्र पक्कं कळावं म्हणून.

ओमानमधल्या सोहार शहरातली भारतीय मुलांची शाळा. दोन हजार दहानंतरची वर्षं. नवरा पोलादाच्या कारखान्यात टेक्निशियन, मी दुसरीच्या मुलांना कला शिकवायची. आम्ही मैदानातल्या गाफच्या झाडाखाली शेंगा वेचायचो, समुद्रावरून शिंपले आणायचो, वादीतली चिकणमाती मळायचो. वादी म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी तिथली नदी. शेंगांचे पंख, शिंपल्यांचे डोळे, मातीचे पक्षी. मुलं कोपरापर्यंत माखायची.

ती बाई पुण्याची. तिची मुलगी माझं बोट सोडायची नाही. एका गुरुवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मुलगी आमच्याकडे खेळायला आली. तिला न्यायला आलेल्या आईनं हॉलमधली बुद्धाची मूर्ती पाहिली. आडनाव विचारलं. गाव विचारलं. चहा तसाच ठेवून उठली. शनिवारी शाळेत हे.

मी प्रिन्सिपलकडे गेले. वाटलं, माणूस चिडेल. तो म्हणाला, "मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट कर लो. मिट्टी हेल्पर दे देगी, आप सिर्फ बताओ."

मी अ‍ॅडजस्ट केलं. हात पाठीमागे धरून उभी राहायची आणि तोंडानं सांगायची. दाबा. गोल करा. चोच काढा. का, ते मुलांना ठाऊक नव्हतं. त्या मुलीला होतं.

एक दिवस तिच्या चिमणीची मान मोडली. ती रडायला लागली. मी सवयीनं वाकले, हात पुढे केला. ती दचकून मागे सरली.

"नो मिस. मम्मा म्हणते, तुमचा हात... डर्टी आहे."

सात वर्षांचं पोर. रागानं नाही बोलली. मला वाईट वाटू नये म्हणून कुजबुजली.

माझ्या आईला गावात पाणी वरून ओतायचे. मला वाटलं होतं, समुद्र ओलांडला, खलास, ते मागे राहिलं. ते आमच्याच विमानातून आलं होतं. आणि मी त्याला वर्गात जागा करून दिली होती.

मी बाह्या वर केल्या. हेल्परकडून घमेलं घेतलं. एकेका मुलाला माती देत गेले. तिच्यासमोर थांबले.

"माझा हात स्वच्छ आहे, बाळा. मम्मा चुकीचं बोलली. घे."

तिनं हात पुढे केला. अर्धाच. मग मागे घेतला.

मी पुढच्या मुलाकडे गेले. तो अर्धा हात मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल म्हणाला, "पॅरेंट की कंप्लेंट है. सॉरी बोल दो, बात खतम."

"सॉरी मैं नहीं बोलूँगी, सर. मेरे हाथ में क्या खराबी है, ये आप सबके सामने बोल दो."

तो टेबलावरचे कागद सरळ करत बसला. वर्ष संपलं, माझी नोकरीही संपली. मुलगी नंतर एकदा सुपरमार्केटात दिसली. मला ओळखलं तिनं. हसावं की नाही, ते कळेना तिला. आईनं ट्रॉली वळवली.

पुढच्या वर्षी शाळेचा फोन आला. या मॅडम परत, मुलं आठवण काढतात. मी म्हटलं, "येईन. आधी त्या बाईंनी वर्गात यावं आणि लेकीला सांगावं, 'मी खोटं बोलले.' मग."

पलीकडून फोन ठेवला.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. अट तीच आहे. त्यातला एक शब्दही कमी करणार नाही.