निम्म्या बॅटरीवर औंधची टेकडी

औंधला जायचं हे मी कुणाला विचारून ठरवलं नाही, घरात फक्त सांगितलं. आमच्याकडे तोवर ही पद्धत नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत विश्रामबागला आमचं घर. कॉलेज संपलं त्या वर्षी मी गच्चीवरून पडले, मणक्याला मार बसला आणि पाय गेले ते गेलेच. पुढची काही वर्षं ढकलायच्या खुर्चीत काढली. मग परदेशातल्या मामेभावाने बॅटरीवर चालणारी खुर्ची पाठवली. उजव्या हाताशी एक छोटी दांडी, ती पुढे केली की खुर्ची पुढे. पहिल्या दिवशी मी एकटी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. वळून पाहते तर आई, दादा आणि अर्धी गल्ली माझ्यामागून चालत आलेली!

औंधला माझी मैत्रीण मालन दिलेली. "टेकडीवरच्या संग्रहालयातली चित्रं बघायला ये की गं," असं ती दर दिवाळीला म्हणायची. तिचे सासरे, आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. स्वतःच्या टेम्पोतून सांगलीला गूळ आणायचे आणि रिकामा टेम्पो परत न्यायचे. त्या रिकाम्या टेम्पोतून जायचं मी ठरवलं.

"तिथं तुला उचलणार कोण?" दादाने विचारलं.

"कुणी नाही. खुर्ची माझ्याहून जड आहे. फळ्या नेतेय."

त्याला ते पटलं नव्हतं, तरी सुताराकडून दोन लांब फळ्या त्यानेच करून आणल्या. त्यांवरून मी खुर्चीसकट टेम्पोच्या हौद्यात चढले. आबांनी दोरांनी खुर्ची चारी बाजूंनी आवळली आणि दोर ओढून पाहिला. "आता तोफ बी हलायची न्हाई," म्हणाले.

रस्ता तासगाव, विटा, पुसेसावळी असा. तोंड मागे करून बसल्यामुळे मला सगळं मागे पडल्यावरच दिसत होतं. तासगावची द्राक्षं, मग विरळ होत गेलेली हिरवळ, माळ, मेंढरं. हौद्यात गुळाचा वास इतका, की माशांनी विट्यापर्यंत सोबत केली. खड्डे बरेच होते. खुर्चीवरून असा प्रवास करणार असाल तर पाठीमागे जाड उशी घ्या, मी घेतली नव्हती.

विट्यात चहाला थांबलो. सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यापायी दूर मुलखात राहणारी, सुट्टीवर आलेली दोन माणसं खुर्ची बघायला हौद्यापाशी आली. "आबा, ह्यास्नी साखरेचा चहा चालतो न्हवं?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"मला काय इचारतोस? त्यास्नीच इचार की," आबा म्हणाले.

"चालतो, पण अर्धाच," मी म्हणाले. अर्धाच का, ते बायकांना सांगायला नको. वाटेत माझ्यासारखीला जाता येईल असा संडास कुठे असणार? सकाळपासून मी दोन घोट पाण्यावर होते. मालनच्या घरी पोचल्यावर तिने न्हाणीघराच्या दाराला चादर बांधली, मला आधार दिला, आणि मगच मी तांब्याभर पाणी प्याले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी त्यानंतर.

टेकडी दुसऱ्या दिवशी करायची होती. खुर्चीची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. परदेशी खुर्ची, म्हणून व्होल्टेज बदलणारा जाड ठोकळाही बरोबर होता. पण सकाळी उठून बघते तर काटा निम्म्यावर.

"रातच्याला लाईट गेलीती गं," मालन म्हणाली. "आज दुपारपर्यंत येत न्हाई आता."

दुपारी आम्हाला परत निघायचं होतं. निम्म्या बॅटरीवर टेकडी चढता आली असती, पण वर पोचल्यावर खुर्ची मेली असती. मालनने गावातल्या यमाईच्या देवळात जाऊन यायचं सुचवलं. आबांना ते पटेना. "चार गडी बोलावतो. खुर्चीसकट उचलून नेतो वर, पालखीसारखं!"

"नको आबा," मी म्हणाले. "बॅटरीतलं ॲसिड सांडेल. आणि मला उचललेलं आवडत नाही."

त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. मी खरं तर रडकुंडीला आले होते. हट्ट धरून आले, आता हट्टानेच परत जायचं का?

मग मी खुर्चीच्या मागच्या दोन कळा दाखवल्या. त्या फिरवल्या की मोटर सुटते आणि खुर्ची नुसती ढकलता येते. "चढावर तुम्ही ढकला. दम लागला की थांबू. पण वर दारात पोचलं की कळा परत लावायच्या आणि मला सोडून द्यायचं. आत मी एकटी जाणार."

"एकटी? कशापायी?" मालनने विचारलं.

मला तेव्हा धड सांगता आलं नाही. ढकलायच्या खुर्चीत असताना मी देऊळ, प्रदर्शन, कुणाचं लग्न, सगळं ढकलणाऱ्याच्या सवडीने पाहिलं होतं. एखाद्या गोष्टीपाशी रेंगाळावंसं वाटलं तरी मागचे पाय चुळबुळायला लागत. कुणी वाईट नव्हतं, सगळे मायेचेच होते. पण 'जरा मागे घे ना' असं किती वेळा म्हणणार?

आबांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "ऑर्डर समजली," म्हणाले.

चढ खडा होता. आबा आणि मालन आळीपाळीने खुर्ची ढकलत आणि फळ्या वाहत होते, वळणावर चाकाला दगड लावून दम खात होते. पलीकडे बोडके डोंगर आणि खाली औंधची कौलं. दाराच्या पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, कळा लावल्या. मी दांडी पुढे केली. काटा निम्म्यावरच होता.

आतल्या थंडाव्यात मोटरची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. एका तैलचित्रापाशी मी थांबले. एक बाई, खांद्यावर उजेड पडलेला. पुढे गेले. चार चित्रं पाहून झाल्यावर वाटलं, त्या बाईची नजर नीट पाहिली नाही. वळले आणि परत गेले. मग आणखी एकदा गेले. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिथला रखवालदार हसून म्हणाला, "आवडलंय जनू ह्ये."

"लय," मी म्हणाले.

बाहेर आले तेव्हा आबा पायरीवर टोपीने वारा घेत बसले होते. "किती येळ लावलास गं!" म्हणाले, आणि लगेच, "बघून झालं न्हवं सगळं? का जायाचं परत आत?"

उतरताना खुर्ची मीच चालवली. आबा पुढे चालून समोरून येणाऱ्या सायकली बाजूला करत होते.

सांगलीत पोचल्यावर दादा हौद्याला फळ्या लावून मला उतरवायला तयारच होता. जेवताना मी त्या बाईच्या चित्राबद्दल इतकं बोलले, की त्याने शेवटी विचारलं, "मला दाखवशील?" पुढच्या उन्हाळ्यात दाखवलं. तो चारच मिनिटांत कंटाळला आणि बाहेर जाऊन बसला. मी सावकाश आले.

ती खुर्ची काही वर्षांनी भंगारात गेली. औंधला त्यानंतर मी बऱ्याचदा गेले. मदत कुठे मागायची आणि कुठे नाही, हे आपलं आपण ठरवायचं असतं, हे त्या चढावर शिकले. पण त्या पहिल्या प्रवासानंतरचा मला अजून आठवतो तो पुढचा रविवार. मी खुर्ची दाराकडे वळवत म्हणाले, "आई, कोपऱ्यापर्यंत जाऊन येते." तोवर ती 'थांब, मी येते' म्हणत पदर खोचत बाहेर यायची. त्या दिवशी स्वयंपाकघरातूनच तिचा आवाज आला:

"येताना कोथिंबीर आण. आणि बघून घे गं, पिवळी देतो तो!"