आतोबांनी काढलेली तसबीर

उभ्या नगर जिल्ह्यात आमच्या आतोबांना अनोळखी असा माणूस नव्हता. अडचण एवढीच, की ज्याला ते ओळखत तो बहुधा दुसराच कुणीतरी निघे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाथर्डीकडची कोरडवाहू शेती, डोक्याला पांढरा फेटा, आणि समोरच्याला 'आपण कोण?' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, ही पक्की समजूत. त्यामुळे ते आधी ओळख देत आणि मग माणूस बघत. नगरच्या एसटी स्टँडवर त्यांनी एकदा एका गृहस्थाला कडकडून मिठी मारली आणि "म्हस व्याली का?" म्हणून विचारलं. तो बिचारा इतका गोंधळला, की "हो, पारडी झाली," म्हणाला. तो बँकेत कारकून होता आणि माळीवाड्यात दोन खोल्यांत राहत होता, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मलाही त्याच्या खोलीत पारडी दिसायला लागली. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मुहूर्त टळत आला तरी आतोबांचा पत्ता नाही. शोधायला गेलो, तर शेजारच्या गल्लीतल्या परक्या मांडवात पहिल्या रांगेत बसून, आहेर करून, ते तिथल्या विहिणीचा रुसवा काढत होते. मी हाताला धरून उठवलं, तर माझ्यावरच डाफरले, "मी बराबर आलोय. तुमीच लगीन दुसरीकडं लावताय."

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला आत्या आणि आतोबा चार दिवस आमच्याकडे राहायला आले होते. गावातल्या एका जुन्या इमारतीत जुन्या काळच्या मंडळींच्या तसबिरींचं दालन होतं आणि दर रविवारी तिथे घरच्या मंडळींसाठी, मुलांसाठी काहीबाही कार्यक्रम चाले. माझ्या मुलीला, सुमनला, तिथे जायचं होतं म्हणून आम्ही सगळेच निघालो. दारातच आतोबांनी पायताण काढलं आणि एका दाढीवाल्या सरदाराला वाकून रामराम घातला. "तिसगावचं पाटील हायेत ह्ये. लई वाळल्यात." पुढे मिशाळ गोरा साहेब होता, त्यालाही ओळखलं. तिथल्या चित्रकलेच्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "आजोबा, ते जाऊन शंभरावर वर्षं झाली." आतोबा चपापले. फेटा सावरत म्हणाले, "आन् आमाला कुनी कळवलं न्हाई!" बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी आत्याकडे, आणि आत्या खिडकीबाहेर. तासाभरात त्या भिंतीवर आमचे इतके सोयरे निघाले, की आपण नक्की कुणाच्या घरातले, असा मलाच प्रश्न पडला.

मग बाईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, प्रत्येकाला एकेक कागद आणि पेन्सिल दिली. ज्याच्याबरोबर आलात त्याचा चेहरा काढायचा, आणि त्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. सुमन माझ्यासमोर बसली. उरले आत्या-आतोबा. आत्यानं पदर पुढे ओढला.

"अवो, उठा. मानसं बघत्यात."

"बघू दे. बाईंनी सांगितलंय," आतोबा म्हणाले आणि बघायला लागले.

दोन मिनिटं गेली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढा गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"ह्यो तीळ कवापासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"आन् भुवईवर खोक?"

"विहिरीवर पडले हुते. तुमीच तर बैलगाडीतून न्हेलं की दवाखान्यात."

"व्हय," ते म्हणाले. पण आवाज अगदी खाली गेला होता. मग नांगर धरावा तशी पेन्सिल घट्ट धरून ते अर्धा तास वाकून बसले. बाई दोनदा 'वेळ संपली' म्हणाल्या, तरी उठले नाहीत.

चित्र अगदीच बेतास बात होतं. डोळे वरखाली, हनुवटी वाकडी, सुरकुत्या मात्र एकूण एक. आत्यानं कागद हातात घेतला आणि ती बघतच राहिली.

"ही तर माझी आई," ती म्हणाली.

"आगं, ती तू हायेस!"

"न्हाई वो. आईच हाय माझी." तिची आई, म्हणजे माझी आजी, जाऊन तीस वर्षं झाली होती, मला ती आठवतही नव्हती, आणि माहेरी तिचा एकही फोटो नव्हता. सगळ्यांदेखत आतोबा हट्टानं सांगत होते की ही माझी बायको, आणि आत्या पदरानं डोळे पुसत मान हलवत होती. बाईंना कुणाचं बरोबर म्हणावं कळेना. मलाही कळलं नाही.

आत्यानं त्या चित्राला काच बसवून घेतली. पाथर्डीच्या घरात ते दारासमोर टांगलेलं असे. आल्यागेल्याला आतोबा सांगत, "ही आमची मंडळी," आणि चहा घेऊन आलेली आत्या सांगे, "ही माझी आई." पाहुणा चहा घेऊन घाईनं निघे.

पाचसहा वर्षांनी आत्या गेली. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि आतोबा खांबाला टेकून बसले होते. कुणीतरी ते चित्र खाली उतरवून पाटावर ठेवलं आणि हार घालायला पुढे झालं. आतोबा उठले. त्यांनी हार बाजूला केला, काच उपरण्यानं पुसली आणि चित्र पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"आरं, ही ती न्हाई," ते मला म्हणाले. "ही तिची आई हाय."