बुजवलेलं बावखल

वटार गावात बागेचा विषय निघाला की प्रत्येक जण माळी होतो. "मागची वाडी नीट करून घ्यायचीय, काही सुचवा," असं प्रिस्काबाईंनी रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर नुसतं म्हटलं, तर घरी पोहोचेपर्यंत सल्ले ऐकून त्यांचं डोकं पिकलं. शेजारची फ्लॉसी म्हणाली, हिरवळ लावा, लग्नाच्या हॉलसारखी. तिची जाऊ म्हणाली, हिरवळ कसली, फरशी घाला, साप आला तरी दिसेल. बंगळुरूहून लेक जीनाने मोबाइलवर ढिगाने फोटो पाठवले, त्यात केळीचं एक झाड असेल तर शपथ. बाई निवृत्त शिक्षिका, त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. सुंदर बागेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. त्यांना आपला नवरा जिवंत हवा होता.

पास्कलचा जन्म त्या वाडीत गेला. मोगरा, चाफा, केळी. गेली काही वर्षं त्याची आठवण गळत चालली होती. लेकीचं नाव गेलं, रोजारच्या प्रार्थनेतलं 'आमच्या स्वर्गातील बापा' अर्ध्यावर अडायला लागलं. पण सकाळचा चहा झाला की दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन तो बावखलाकडे निघायचा, ते काही चुकलं नाही. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं, त्याच्या आज्याने खणलेलं. पायऱ्या उतरायच्या, झाऱ्या बुडवायच्या, मोगऱ्याला पाणी घालायचं, पुन्हा उतरायचं. तेवढा वेळ तो अगदी पूर्वीचा पास्कल असायचा. वर येताना बायकोला हाकही मारायचा, "प्रिस्का, कळ्या काडून घे गो!"

ही हाक घरच्या बोलीतली. इकडच्या जुन्या घरांची रीतच आहे, घरात बोली आणि परक्याशी शाळेतली मराठी. तलाठी असो की डॉक्टर, पास्कल त्यांच्याशी धड्यातल्यासारखं बोलायचा आणि बाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

पावसाळ्यात एकदा तो शेवाळावरून घसरला. शेजारच्या एरॉलने उडी मारून बाहेर काढला म्हणून वाचला. त्या दिवसापासून बाई रोज सकाळी त्याच्या मागोमाग बावखलापर्यंत जायला लागल्या.

म्हणून मग चंदनसारचा विघ्नेश आला. बागा करून देण्याचं काम करणारा, बोलायला चटपटीत. "काकू, टेन्शन नका घेऊ. काकांसाठी एकदम सेफ गार्डन करू. तळ्याला रेलिंग मारू, मस्त लुक येईल."

"रेलिंगवरून ते चढतील," बाई म्हणाल्या. "बुजवून टाका."

"पूर्ण?"

"पूर्ण."

काम चाललं तेवढे दिवस पास्कल त्याच्या बहिणीकडे होता. मातीचे डंपर आले, पायऱ्या गाडल्या गेल्या, वर हिरवळ अंथरली. भोवती गोल पायवाट, म्हणजे माणूस कितीही चालला तरी घराशीच येईल. एक बाक. फ्लॉसीने तर फोटो काढून घेतले. गाव म्हणालं, बाईंनी नवऱ्यासाठी काय केलं बघा!

पास्कल आला आणि दुसऱ्या सकाळी झाऱ्या घेऊन निघाला. जिथे पहिली पायरी होती तिथे बरोबर थांबला, वाकला, झाऱ्या गवताला टेकवल्या आणि उचलल्या. रिकाम्या. पुन्हा टेकवल्या.

"पानी कुठं गेलं गो?"

बाईंनी नळ सोडून दाखवला, पाइप हातात दिला. त्याने तो ठेवून दिला. मग रोज तेच. वाकायचा, रिकामी झारी बघायचा आणि बायकोकडे बघायचा. ते बघणं बाईंना सोसवेना.

एके दिवशी झाऱ्या कोपऱ्यात तशाच राहिल्या. तो बाकावर जाऊन बसला, पाहुणा बसतो तसा, अंग चोरून.

संध्याकाळी बाई चहा घेऊन गेल्या तर तो अदबीने उठून उभा राहिला.

"बाई, तुमची बाग फार सुंदर आहे. पण आता मला निघायला हवं. घरी पत्नी वाट पाहत असेल."

शुद्ध मराठीत. तलाठ्याशी बोलायचा तशा. बाईंनी चहा बाकावर ठेवला.

"असं काय करता वो? मीच प्रिस्का," त्या घरच्या बोलीत म्हणाल्या.

तो कौतुकाने हसला. "हो का? तिचंही नाव प्रिस्काच."

त्या रात्री जीनाचा फोन आला. "मम्मी, पप्पा सेफ आहेत ना आता?" बाई म्हणाल्या, "हो." खोटं नव्हतंच ते. विघ्नेशला सांगून पुन्हा खणून घ्यावं, असं त्यांच्या मनात शंभरदा आलं. पण खणून पाणी लागेल, तो कसा लागणार?

आता रोज दिवस कलला की पास्कल बाकावर चुळबुळ करायला लागतो. मला घरी सोडा, ती एकटी असेल, म्हणतो. सुरुवातीला बाई समजूत घालायच्या, रडायच्या. त्याने तो आणखी घाबरायचा. शेवटी त्यांना एक उत्तर सापडलं, आणि त्यानेच तो शांत होतो. त्याच्या शेजारी बसून, शाळेत शिकवायच्या त्या मराठीत त्या सांगतात, "प्रिस्का बावखलावर गेली आहे. येईल एवढ्यात."

"हां," तो मान डोलावतो. "मोगऱ्याला पाणी घालत असेल."

मग समोरच्या हिरवळीकडे बघत दोघंही तिची वाट पाहत बसतात.