ओल्या कागदाची चमक

रुक्मिणीबाईंसारखे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तापीकाठच्या त्या गावात कुणाला जमत नसत. ज्वारीचं शिजलेलं गरम पीठ ओल्या फडक्यावर थापायचं आणि वरची चमक जायला लागली की सोडवायचं. आधी हात लावला तर फाटतो, उशीर झाला तर चिकटतो. ती वेळ बाईंना लांबूनही कळे.

त्याच नजरेनं त्यांनी सुनेच्या चित्राच्या कागदाची वेळही ओळखून घेतली होती.

भूमिकानं लग्नाआधी चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केलेला. सहा वर्षं तिचे ब्रश कपाटावर पडून होते. यंदा शहाद्याच्या एका शाळेनं बोलावलं. सोमवारी मोठ्या कागदावर जलरंगातलं एक ताजं चित्र आणा, आवडलं तर जागा तुमची.

तिची रीत ओल्यावर ओल्याची. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर पसरायचा आणि ओला असतानाच रंग सोडायचा. निळा करड्यात शिरतो, कडा विरघळतात, नदीवरचं धुकं आपसूक उभं राहतं. पण सगळं चमक आहे तोवरच. ती गेल्यावर थेंब पडला की फुलकोबीसारखे डाग फुटतात.

शुक्रवारी कागद ऐन भरात आला आणि ओट्यावरून सासूबाईंची हाक आली, "भूमिका, पानी लई ये व!" ती परत येईपर्यंत चमक गेलेली. शनिवारी तेच. हाकेला ओ दिली नाही तर घरात दोन दिवस कुणी तिच्याशी बोलत नसे, म्हणून ती दोन्ही वेळा उठली होती.

रविवारी शेवटचा कागद उरला. ओट्यावर सासूबाई आणि शेजारच्या कौसाबाई बिबडे थापत होत्या. झोपाळ्यावर तिचा नवरा भूपेंद्र मोबाइल बघत होता. भूमिकानं नदी सोडली, पलीकडचा काठ सोडला.

"भूमिका! फडकं लई ये!"

ती उठली नाही.

"बहिरी हुई गयी का व?"

तिनं शेवटचा करडा सोडला आणि हात मागे घेतला. असं चित्र तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

रुक्मिणीबाई पिठाचे हात पुसत आत आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. "देखा व कौसाबाई, मन्ही सूननी काय करं!" म्हणत त्यांनी कागद दोन कोपऱ्यांना धरून उभा उचलला.

"आत्या, नका! ओलं आहे!"

नदी खाली धावली. काठ तिच्यामागून गेला. निळं-करडं पाणी फरशीवर ठिबकलं. ओला बिबडा जन्मात ज्यांनी उचलला नव्हता, त्या बाई कागद तसाच धरून उभ्या होत्या.

"अवं माय, ह्या तं वाही गया! रंगच पक्का नही शे."

कौसाबाईंनी मान खाली घातली. भूपेंद्र हसला. "वर्षभर शिकून हेच का गं? लाव फोन शाळेत, सांग जमत नाही म्हणून. उगाच उद्या हसं नको."

"स्पीकरवर लाव," सासूबाई म्हणाल्या.

भूमिकानं लावला. चित्र झालं नाही, इतकंच तिच्या तोंडून निघालं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हरकत नाही, उद्या दुसरी एकजण चित्र घेऊन येतेय." फोन बंद झाला.

"चाल आते," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "पीठ थंडं हुई ऱ्हायनं."

ती ओट्यावर जाऊन बसली. पहिला बिबडा थापायला घेतला.

"पातळ थाप," सासूबाई म्हणाल्या.